शेअर स्कूटर, नोंद सहावी: दहा वाजता तिन्ही गाड्या गेटवर

मागच्या नोंदीत तिसरी गाडी रस्त्यावर आली, इथपर्यंत सांगितलं होतं. त्याला सहा आठवडे झाले. उद्योजकतेच्या विषयाचं शेवटचं सादरीकरणही परवा झालं. तिथे स्लाइडवर जे मावलं नाही ते इथे लिहिते, कारण तुमच्यातले बरेच जण स्वतः गाड्या उघडून बसणारे आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आम्ही पाच जण, कमी वेगाच्या तीन जुन्या इलेक्ट्रिक स्कूटर, आणि कर्वेनगरातलं कॉलेज ते नळ स्टॉप मेट्रो स्टेशन हा साधारण तीन किलोमीटरचा रस्ता. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, पण स्टेशनाबाहेर पडल्यावर पुढे रिक्षा नाहीतर पायपीट. तिथून ही कल्पना निघाली. गाड्यांची मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यामुळे नोंदणी आणि लायसन लागत नाही. गाड्या फक्त क्लबच्या सभासदांसाठी. एका फेरीला दहा रुपयांचं कूपन.

आधी बॅटरीचं. गाड्यांमधल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून आम्ही लिथियम फेरो फॉस्फेटचे पॅक बसवले: १६ सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट, २४ अँपिअर-अवर. दुसऱ्याच आठवड्यात एक फर्स्ट इयरची मुलगी कर्वे पुतळ्यापाशी अडकली. मीटरवर चारपैकी तीन काड्या दिसत होत्या आणि गाडी ठप्प. भर उन्हात ती गाडी ढकलत कॉलेजपर्यंत आली. मला फार वाईट वाटलं, कारण चूक सर्वस्वी आमची होती. मीटर जुनाच ठेवला होता आणि तो व्होल्टेज बघून काड्या दाखवतो. लेड-ॲसिडला ते चालतं. या केमिस्ट्रीत मात्र ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत अख्ख्या पॅकचं व्होल्टेज जेमतेम एक-दीड व्होल्टने उतरतं आणि शेवटी एकदम कोसळतं. काड्या बघून काहीच कळत नाही. आता तिन्ही गाड्यांत शंट (करंट मोजण्यासाठीची धातूची पट्टी) बसवून आत-बाहेर जाणारा करंट मोजतो आणि पॅक ५८.४ व्होल्टला पूर्ण भरला की मोजणी १०० वर आणतो. तेव्हापासून रस्त्यात कुणी अडकलेलं नाही.

दोन नंबरच्या पॅकने जास्त छळलं. उभ्या गाडीत सगळे सेल ३.३ व्होल्टच्या आसपास, एकसारखे. चालवायला घेतली की थोड्या वेळात बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) सप्लाय तोडायचा. शेवटी गाडी मेन स्टँडवर घेतली, एकाने मागचा ब्रेक हलका दाबून थ्रॉटल दिला आणि मी मल्टीमीटर घेऊन एकेक सेल तपासत गेले. अकराव्यावर आकडा २.७ वर घसरला. सेल गेला असं धरून आम्ही नवीन मागवणार होतो, तेवढ्यात आमच्यातली वायरिंग बघणारी म्हणाली, ‘थांब, बसबारला, सेल जोडणाऱ्या पट्टीला, हात लावून बघ.’ नटाला बोट टेकवलं तर चटका बसला. सेल ठणठणीत होता, नटच सैल होता. पॅक बांधून देणाऱ्याने तो पुरता आवळलाच नव्हता. पट्टी पॉलिश पेपरने घासली, स्प्रिंग वॉशर टाकून नट आवळला आणि वर मार्करने खूण केली, म्हणजे पुन्हा सरकला तर डोळ्यांना दिसेल. तयार पॅक घेणाऱ्यांनो, आधी उघडून प्रत्येक नट तपासा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यातली एक पुण्यातच, आणि त्यानंतर एआयएस-१५६ या भारतीय मानकातले बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. तो चटका बसेपर्यंत हे सगळं माझ्यासाठी कागदावरचं होतं.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. हिशेब बघणाऱ्याने सुरुवातीला सगळा भर विजेवर दिला होता. पॅक भरायला चार्जरचा तोटा धरून सुमारे १.४ युनिट लागतात. युनिटला दहा रुपये धरले तरी चौदा रुपये, आणि त्यात आमची गाडी ४५ किलोमीटर जाते. म्हणजे एका फेरीची वीज रुपयाभराचीसुद्धा नाही. कूपन दहाचं, तेव्हा नऊ रुपये सुटतात असं आम्ही मानून चाललो होतो.

प्रत्यक्षात सकाळी नऊला सगळे मेट्रोतून उतरून कॉलेजकडे येतात. दहाच्या आत तिन्ही गाड्या गेटवर उभ्या आणि स्टेशनावर एकही नाही. मग आमच्यातले तिघं रोज गाड्या स्टेशनावर नेऊन लावायचे आणि बसने परत यायचे. माणशी चाळीस मिनिटं, म्हणजे मिळून दोन तास. तासाचे शंभर रुपये धरले तर दोनशे, आणि दिवसाच्या फेऱ्या होत होत्या नऊ. एका फेरीमागे बावीस रुपये नुसते गाडी जागेवर नेण्याचे! मैत्रीखातर फुकट राबत होतो म्हणून हा खर्च वहीत कधी चढलाच नाही.

यातून वाट दाखवली ती गेटवरच्या वॉचमन काकांनी. आमच्या ॲपवर गाड्यांचे ठिपके दिसायचे, पण काका वहीत कोण कधी आलं-गेलं तेही लिहीत होते. एक दिवस मला बोलावून म्हणाले, ‘ताई, दहा वाजता तिन्ही गाड्या माझ्यापाशी असतात. सकाळच्या बॅचची पोरं अकराला सुटतात आणि चालत स्टेशनला जातात. त्यांनाच द्या की.’ आम्ही त्याच आठवड्यात साडेदहा ते साडेअकरा कॉलेजहून स्टेशनाकडे जाणारी फेरी फुकट केली. आता दिवसाला चौदाच्या आसपास फेऱ्या होतात, त्यातल्या चार फुकटच्या, आणि आम्हाला गाडी न्यावी लागते ती आठवड्यातून एखाद्या वेळी.

गाड्या लावायच्या जागेबद्दल आम्ही पहिल्यापासून कडक होतो. पॅरिसमध्ये २ एप्रिल २०२३ च्या मतदानात जवळजवळ ८९ टक्के मतं उभं राहून चालवायच्या भाड्याच्या स्कूटरविरुद्ध पडली आणि त्याच सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. फूटपाथवर आडव्या पडलेल्या गाड्या हे लोकांच्या रागाचं मोठं कारण होतं. पुण्यात २०१७-१८ मध्ये शेअरिंगच्या सायकली आल्या होत्या. आमच्या सोसायटीच्या भिंतीला त्यातली एक, चाक वाकलेली, कित्येक महिने टेकून होती. शाळेत जाताना मी ती रोज बघायचे. म्हणून दोन्ही टोकांना जागेची रीतसर परवानगी घेतली, क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशी फक्की मारून चौकोन आखले आणि गाडी चौकोनात लावल्याचा फोटो टाकल्याशिवाय फेरी संपत नाही असा नियम केला. फक्की दर चार दिवसांनी पुन्हा मारावी लागते, ती आम्ही न कंटाळता मारतो.

ॲपवाल्याने फोनने कुलूप उघडण्यावर पाच आठवडे घालवले आणि शेवटी आकड्यांचं साधं कुलूप असलेली किल्लीची डबी लावली. त्याला त्याची खंत आहे. मला उलट वाटतं. ते सर्किट त्याने स्वतः उभं केलं आणि त्याचे कंट्रोलरमधले धडे पुढच्या गाडीत कामाला येणारच आहेत. सादरीकरणात ‘दुसऱ्या वर्षी शंभर गाड्या’ अशी एक स्लाइड होती. ती आम्ही आदल्या रात्री पाचही जणांनी मिळून काढली आणि तिथे काकांच्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकला.

गाड्या जूनपासून ज्युनिअर्सच्या ताब्यात जातील. त्याआधी शंटच्या वायरिंगला पावसात काय होतं ते बघायचंय. कनेक्टरवर सिलिकॉन लावलंय, रविवारी होजपाइपखाली तासभर गाडी ठेवणार आहे. आकडे पुढच्या नोंदीत देते.