आधी केनी व्हीलरच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडे ट्रम्पेट शिकायला येणाऱ्या मुलांना मी लुई आर्मस्ट्राँग आणि माइल्स डेव्हिस या जॅझच्या नामवंत ट्रम्पेटवादकांच्या आधी केनी व्हीलर हे जॅझ ट्रम्पेटवादक ऐकवतो. पालकही विचारतात, वाजवणारे मित्रही विचारतात: तेच का?

आपल्याकडे ट्रम्पेट म्हटलं की वरातीतला बँड आठवतो. मुलं गाल फुगवून जोर लावायच्या तयारीनेच येतात. म्हणून मी आधी १९७५ ची, व्हीलर यांची 'नू हाय' ही तबकडी लावतो. पियानोवर कीथ जॅरेट आणि व्हीलर यांच्या हातात फ्लूगलहॉर्न. ट्रम्पेटचाच भाऊ, पण नळी पुढे पुढे रुंदावत गेलेली, त्यामुळे सूर मऊ, गोल. हा सूर मधल्या सप्तकात रेंगाळत असतो आणि पाहता पाहता पार वर पोचतो, मधली एक पायरी न चढता. वर पोचल्यावर कधी किंचित चिरतो. व्हीलर ते झाकत नाहीत. तो चिरलेला सूर तसाच पुढच्या सुरात ओवतात. हे ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

जन्म १९३० चा, टोरँटोतला. १९५२ मध्ये लंडनला गेले ते कायमचेच. स्वभाव कमालीचा लाजरा. कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवत राहिले. मग अक्कलदाढेच्या दुखण्याने वाजवणंच बंद पडलं, कारण या वाद्याचा सगळा भार ओठांवर आणि दातांवर. तेव्हा ब्रिटिश जॅझवादक जॉन डँकवर्थ यांनी आपल्या ऑर्केस्ट्रासाठी त्यांना संगीत लिहायला सांगितलं आणि व्हीलर यांनी सर्व्हान्टेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोतेवर संगीत रचलं. स्वतःच्या नावाची ही पहिली तबकडी १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. उशीर झाला म्हणून रडणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो.

पुढे कॅनडातल्या बॅन्फच्या कार्यशाळांत त्यांनी शिकवलंही. पण मला वाटतं, त्यांची खरी शिकवण त्यांच्या रचनांतच आहे. गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज ते शब्दांशिवाय वापरत, वाद्यांच्या रांगेतलं आणखी एक वाद्य असावं तसा.

शेवटचं ध्वनिमुद्रण डिसेंबर २०१३ चं, ॲबी रोड स्टुडिओतलं. वय ८३. दम पुरत नाही, ते स्पष्ट ऐकू येतं. पुढच्या सप्टेंबरात ते गेले.

ते ऐकवून झालं की मी मुलांना एकच सूर धरायला लावतो, हळू, श्वास संपेपर्यंत. फाटला तरी सोडायचा नाही.