आमची वाटचाल : ज्येष्ठमधाची मुळी आणि केसांचं तेल

सांगलीतलं आमचं काष्ठौषधीचं दुकान मामंजींनी सुरू केलं. केसांचं तेल हे मात्र माझं खूळ. माका, आवळा सगळेच घालतात. माझा भर ज्येष्ठमधावर, कारण त्याच्या मुळीच्या अर्काने उंदरांचे केस लवकर वाढल्याचं छापून आलं होतं.

तेल आम्ही शास्त्रोक्त प्रमाणातच सिद्ध करतो : कल्क (म्हणजे वनस्पतींचा वाटलेला लगदा) एक भाग, तीळतेल चार, काढा सोळा. फेस येऊ लागला की मावशी कल्काची वात वळून ज्योतीवर धरतात. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, उतरवायचं नाही. तापमापी आहे, पण माझा भरवसा मावशींच्या कानावर.

खरी अडचण पुढे कळली. मुळीचा गोडवा ज्यात असतो ते ग्लिसिरायझिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. शिवाय उंदरांवरच्या त्या प्रयोगातला अर्क पेट्रोलियम ईथर या द्रावकाने काढलेला होता. म्हणजे त्यांचा अर्क वेगळा, आमचं तेल वेगळं. मग त्यांचा निकाल आमच्या बाटलीवर कसा छापायचा?

सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत. तेव्हा ओळखीच्यांनाच विचारलं. कानामागे छोटासा चौकोन भादरायचा, ठरल्या दिवशी फोटो, स्केल लावून माप. निम्म्यांना आमचं तेल, निम्म्यांना नुसतं तीळतेल. कुणाला कोणतं, हे फक्त माझ्या नणंदेच्या वहीत. वही उघडली तेव्हा वाढ दोन्हीकडे सारखीच, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. केस तुटणं कमी झालं, तेही दोन्हीकडे!

तरी गिऱ्हाइकं येऊन सांगतात, “ताई, तुमच्या तेलाने केस परत आले.” यात बाळंतिणी बऱ्याच, टायफॉईडमधून उठलेलेही. अशी गळती बाळंतपणानंतर किंवा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुधा सहाएक महिन्यांत आपणहून थांबते. मी हे सांगते. काहींना पटत नाही, बाटली नेतातच.

एका वितरकाला लेबलवर ‘नवे केस उगवतात’ हवं होतं. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ‘जे’ म्हणजे जे आजार बरे करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही त्यांची यादी, आणि तीत टक्कल आहे. मी नाही म्हटलं, त्याने मोठी ऑर्डर रद्द केली. मामंजी दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, “दुकानाचं नाव आहे ना त्यावर.”

लेबलवर आता ‘कोरड्या केसांसाठी’ एवढंच आहे. अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क घालून पुढची तुकडी तयार आहे. वही याही वेळी नणंदेकडेच.