उर्हो १:१०० – बाहेर समुद्र गोठलाय आणि मला बर्फ मिळत नव्हता

फुटला एकदाचा बर्फ! उर्हो या फिनलंडच्या आइसब्रेकरच्या, म्हणजे बर्फ फोडत वाट काढणाऱ्या जहाजाच्या, माझ्या शंभरपट लहान मॉडेलने फोडला. आणि नुसता फुटला नाही, फुटायला हवा तसा फुटला. बोच्या (जहाजाच्या नाकाच्या) दोन्ही खांद्यांपाशी चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे सुटले, एका कडेवर उभे झाले आणि हलला, म्हणजे जहाजाच्या अंगाला, चिकटून खाली सरकले. व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय. थरथरलाय, त्याला इलाज नाही. एका हातात रिमोट होता आणि उणे अकरामध्ये दुसऱ्या हाताची बोटं कामातून गेली होती.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. पुढच्या दोन शाफ्टची गळती थांबली होती, ती अजून थांबलेलीच आहे. पुढच्या प्रोपेलरची जोडी मात्र डोकेदुखी ठरली. ऑर्डर उजवा-डावा अशी स्पष्ट दिली होती, दुकानदाराने दोन्ही उजवे पाठवले आणि वर 'मोटर उलटी फिरवा' असा सल्ला दिला. मोटर उलटी फिरेल हो, पण पात्याचा पीळ कसा उलटा होणार? शेवटी पितळी पत्र्याची पाती कापून बॉसवर (प्रोपेलरच्या मधल्या गाभ्यावर) डाग मारून बसवली. थ्रीडी प्रिंटच्या पात्यांचं नाव माझ्यापुढे काढू नका. पाण्यात छान चालतात, बर्फाचा पहिला तुकडा लागला की मुळापासून तुटतात.

स्टर्नची, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाची, खाच मात्र मनासारखी झालीय. अडकलेल्या मालवाहू जहाजाचं नाक या खाचेत ओढून घेतात, दोराने आवळतात आणि मग दोन्ही जहाजं जोडीने चालतात. खाचेच्या कडेचं जाड रबर मी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलं. उन्हाळ्यात हे आइसब्रेकर हेलसिंकीत कातायानोक्काच्या धक्क्यावर रिकामे उभे असतात, तेव्हा काढलेल्या फोटोंशी ताडून पाहिलं. रबरावरच्या घासल्याच्या खुणासुद्धा जुळल्या. अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

आता मुख्य दुखणं. फेब्रुवारीचं हेलसिंकी, खिडकीतून दिसणारी खाडी काठोकाठ गोठलेली, लोक त्यावरून कुत्री फिरवतायत, आणि मी मात्र 'बर्फ नाही, बर्फ नाही' म्हणून डोकं धरून बसलेलो. बायकोने एकदा बादलीभर बर्फ आणून समोर ठेवला. तिला समजावणं अवघड होतं.

अडचण स्केलची आहे. मॉडेल शंभरपट लहान केलं की बर्फाची जाडी शंभराने भागायची, हे सगळ्यांना सुचतं. खऱ्या समुद्रातला ८० सेंटीमीटरचा बर्फ टाकीत ८ मिलिमीटर. पण त्याची ताकदही शंभराने भागावी लागते, हे मॉडेल बर्फावर चढून बसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. बाल्टिकच्या बर्फाची वाकवून मोडण्याची ताकद ५०० किलोपास्कलच्या आसपास धरली, तर मला हवा ५ किलोपास्कलचा बर्फ. नळाचं पाणी गोठवलं की मिळतो हजाराच्या घरातला, म्हणजे दोनशेपट टणक. त्यावर साडेनऊ किलोचं उर्हो बो वर करून चढलं आणि तिथेच बसलं. मागचे प्रोपेलर पाणी घुसळतायत, जहाज ढिम्म.

मोटरचा जोर वाढवून ठोकर मारा, असं दोघातिघांनी सुचवलं. त्याला माझा ठाम नकार आहे. शक्ती स्केलच्या साडेतीनाव्या घाताने कमी होते. खऱ्या उर्होच्या शाफ्टवर २२,००० अश्वशक्ती, म्हणजे १६.२ मेगावॅट. त्याला एक कोटीने भागा, येतात १.६ वॅट. चारही प्रोपेलर मिळून! आपल्या साध्यातल्या साध्या मोटरला याहून जास्त दम असतो, म्हणून मी ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) करंटची मर्यादा घालून ठेवलीय. जोर वाढवून बर्फ फोडायचा असेल तर हातोडी स्वस्त पडते.

ताकद मोजायला मोठ्या प्रयोगशाळांची पद्धत बाल्कनीतही चालते. बर्फाच्या थरातच तीन बाजूंनी करवतून एक जीभ मोकळी करायची, चौथी बाजू थराला जोडलेली ठेवायची आणि टोकावर वजन वाढवत जायचं. माझी जीभ ६ सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड. नळाच्या पाण्याच्या बर्फाला हिशेबाने साडेतीनशे ग्रॅमच्या वर लागतात. मला हवा तो बर्फ १.८ ग्रॅमला मोडला पाहिजे. वजनं म्हणून पाच सेंटची नाणी वापरतो, एक नाणं ३.९२ ग्रॅमचं. म्हणजे आदर्श बर्फ अर्ध्या नाण्यालाही उभा राहू नये. अशा बर्फाचा थर उचलायला गेलात तर तो हातातच विरतो.

पहिला मोर्चा युरियाकडे. कॅनडात १९८० च्या सुमारास युरियाच्या पाण्याचा मॉडेल-बर्फ बनवू लागले, नंतर बऱ्याच टाक्यांनी तो उचलला. शंभर लिटरला किलोभर, एवढंच प्रमाण. सांगलीवाल्या काकांनी विचारलं होतं, 'आमच्याकडे पोत्याने पडलाय, फ्रीझरमध्ये करून बघू का?' काका, करून बघा, पण २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया निंबोळी तेलाचं लेपण केलेला असतो. पाण्यावर तवंग येईल आणि मॉडेलच्या हलला तेलाचा हात बसेल. मग घर्षणाचे आकडे विसरा. केमिकलच्या दुकानातला साधा युरिया आणा.

माझ्या युरियाने वेगळाच त्रास दिला. गोठल्यावर तो अजून टणकच असतो, म्हणून थोडी ऊब देऊन 'मुरवावा' लागतो. मुरवला तशी ताकद उतरली, पण दहा किलोपास्कलच्या खाली न्यायला गेलो आणि थर ओल्या पोळीसारखा वाकायला लागला. मोडेचना. बो खाली दाबतोय, बर्फ लवतोय, जहाज गेलं की परत सपाट. मॉडेल-बर्फ मऊ हवा आणि ठिसूळही हवा, दोन्ही एकदम. मोठ्या टाक्या १:२० ते १:३० असं स्केल का धरतात ते तेव्हा नीट कळलं. १:१०० त्यांनाही परवडत नाही.

युरियाची बादली बाजूला सारली आणि इथल्याच लोकांकडे वळलो. १९६९ मध्ये जहाजं बांधणाऱ्या वार्टसिलाने एस्सो या तेल कंपनीबरोबर हेलसिंकीत आपली पहिली बर्फाची चाचणी-टाकी उभारली, तीही जमिनीखालच्या जुन्या हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यात. निमित्त होतं 'मॅनहॅटन' या टँकरच्या आर्क्टिक फेरीचं. (खोपोलीवरून ये-जा करणाऱ्यांना वार्टसिलाचं नाव ओळखीचं असेल, तीच ही कंपनी. उर्हो १९७५ मध्ये आणि तिची बहीण सिसू पुढच्या वर्षी त्यांच्याच हिएतालाहतीच्या यार्डातून निघाल्या. ते यार्ड १८६५ पासूनचं. मालक बदलत बदलत २०२३ मध्ये कॅनडाच्या डेव्हीकडे गेलं.) त्या टाकीची वारस आज हेलसिंकीच्याच वुओसारी भागात आहे, ७५ मीटर लांब, ८ मीटर रुंद. तिथे पाणी शांतपणे गोठू देत नाहीत. थंड हवेत खारं पाणी बारीक फवारतात, थेंब खाली येईतो गोठतात आणि थरावर थर बसतो.

फरक दाण्याचा आहे. शांत पाणी गोठलं की वरून खाली उभे लांब स्फटिक वाढतात आणि सगळ्यात वरची साय कडक होते. फवाऱ्याच्या बर्फात स्फटिक बारीक आणि दाण्यादाण्यांत खारं पाणी अडकलेलं. पकड मुळातच ढिली, म्हणून तो मऊ असूनही लवत नाही, मोडतो.

हे मी वाचून होतो, पण त्याला मोठी यंत्रं लागतील म्हणून सोडून दिलं होतं. मग फुलझाडांवर फवारायचा हातपंप दिसला.

टाकी तीच जुनी, प्लायवुडची पेटी आणि आत तळ्याचं रबर. दोन मीटर लांब, सत्तर सेंटीमीटर रुंद. पाणी साडेतीनशे लिटर म्हणजे तेवढेच किलो, त्यामुळे बाल्कनीला किती भार चालतो हे इमारतीच्या देखभालवाल्यांना आधीच विचारलं होतं. कारण सांगितल्यावर त्यांना काही नवल वाटलं नाही. हा देश आवडायचं हे एक कारण.

फवारणीला उणे दहा तरी हवं. उणे पाचला थेंब ओलेच पडतात आणि नुसता गिलावा होतो. नोझल पूर्ण आवळून अगदी धुकं करायचं, तोंड वर धरायचं, पाण्यावर थेट मारायचं नाही. मीठ विरघळल्यावर पाणी कपड्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदतं. एक फेरी मारली की थांबायचं, थर कोरडा दिसू लागला की दुसरी. दस्ताने ओले होतात आणि मग गोठतात, म्हणून दोन जोड्या लागतात. महागड्या विजेच्या स्प्रेगनपेक्षा हा स्वस्तातला हातपंप सरस निघाला. गनचे थेंब जाड पडतात आणि जोराने खालचा थर उखडतो.

पहिल्या थराची जीभ कापली. दोन नाणी राहिली, तिसरं ठेवताच मोडली. म्हणजे तीस किलोपास्कलच्या घरात. झाकण उघडं टाकून, वर पिवळा बल्ब लावून रात्रभर मुरवला. सकाळी दुसऱ्याच नाण्याला गेली. सरासरी वीस धरू. मोडल्याची कड पाहिली तर सरळ, दाणेदार, कुठेही लवल्याची खूण नाही. एवढ्यावरच मी चहा टाकला.

वीस म्हणजे पाहिजे त्याच्या चौपट. इथे तासभर वैतागलो आणि मग वाकवण्याच्या गणिताकडे पुन्हा पाहिलं. मोडायला लागणारं बळ ताकदीच्या पटीत वाढतं, पण जाडीच्या वर्गाच्या पटीत. ताकद चौपट असेल तर जाडी निम्मी करा, हिशेब जागेवर! ८ ऐवजी ४ मिलिमीटर. ही लबाडी आहे, कबूल. तुकडे पातळ म्हणजे हलके, खाली दाबायला सोपे, आणि जहाजाचा बराच दम एरवी त्यातच जातो. म्हणजे माझा आकडा जरा गोड येणार. पण तुकडे कसे सुटतात, कुठे जातात हे बघायला हा बर्फ पुरेसा आहे, आणि मला तेच बघायचं होतं.

थराच्या कडा टाकीच्या भिंतीला चिकटलेल्या असतात, त्या सुरीने मोकळ्या केल्या. नाहीतर थर चारही बाजूंनी धरलेला राहतो आणि उगाच ताकदवान वाटतो. मग जहाज सोडलं.

आधी फक्त मागचे दोन प्रोपेलर. गेलं, पण कण्हत गेलं. सुटलेले तुकडे बोच्या पोटाला चिकटून बसत होते आणि मॉडेल अर्ध्या टाकीत थबकलं. मग पुढचे दोन चालू केले. खांद्यांपाशी बर्फावर पाणी चढलं, पांढरा थर कडेने राखाडी झाला, चिकटलेले तुकडे सुटले आणि जहाज पुढे सरकलं! पुढचे प्रोपेलर बर्फ कापायला असतात असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी व्हिडिओतला हा भाग बघावा. ते हल आणि बर्फाच्या मध्ये पाणी सोडतात, घर्षण घटतं आणि बर्फाखालचं पाणी ओढलं गेल्याने त्याचा आधारही जातो. १९५४ च्या वोइमापासून बाल्टिकमध्ये ही दोन पुढे, दोन मागे अशी मांडणी रुळली. आर्क्टिकच्या जुन्या कठीण बर्फात मात्र पुढची पाती शाबूत राहात नाहीत, म्हणून तिकडच्या जहाजांना ती लावत नाहीत.

मागच्या प्रोपेलरमध्ये तुकडे अडकतायत, ते अजून सुटलेलं नाही. डाव्या बाजूला जास्त. हलची डावी बाजू किंचित भरली असावी अशी शंका आहे, टेम्प्लेट लावून बघतो.

पुढचा बेत सिसूच्या डेकचा होता, तो बदलतोय. हे लिहिता लिहिता मनात आलं की पुढच्या प्रोपेलरचं काम हवेनेही होतं. १९८६ च्या ओत्सोला पुढे प्रोपेलरच नाहीत. पाण्याखाली बाजूने हवेचे बुडबुडे सोडतात, ते हलला लगटून वर येतात आणि पाण्याला घेऊन येतात. शिवाय पाण्याच्या रेषेशी स्टेनलेसचा पट्टा, म्हणजे रंग खरवडला जायचा प्रश्नच नाही. मत्स्यालयाचा एअरपंप, सिलिकॉनची नळी आणि हलमध्ये एक मिलिमीटरची भोकं. दोन शाफ्ट, दोन सील, दोन मोटर्स एकदम वाचल्या! रुंदी जवळजवळ सारखीच, ओत्सो २४.२ मीटर आणि उर्हो २३.८, म्हणजे हीच टाकी, हाच बर्फ, आणि दोघींची सरळ तुलना करता येईल. हे आधी का नाही केलं असं विचारू नका, उर्हो देखणी आहे.

स्टेनलेसच्या पट्ट्याला ०.१ मिलिमीटरचा पत्रा बोच्या गोलाईवर बसेल का, की अॅल्युमिनियमची चिकटपट्टी बरी, यावर कोणाचा हात बसला असेल तर सांगा. एअरपंप मिनिटाला किती लिटरचा घ्यावा तेही. माझ्या अंदाजाने दोन-तीन लिटर पुरे, पण दापोलीच्या मित्राने कोळंबीच्या टाक्या केल्यात, त्याने बोलावं.

परवापासून तापमान शून्यावर जाणार म्हणतात. टाकीतला थर आत्ताच चिखल झालाय. पुन्हा उणे दहा येईपर्यंत ओत्सोच्या फ्रेम कापायला घेतो, ४ मिलिमीटर प्लाय घरात आहे.