आठ टक्क्यांचा अंधार

मी नाटकांना लाईट ऑपरेट करतो. गेल्या महिन्यातल्या दौऱ्यातल्या एका प्रयोगाबद्दल लिहायचंय, कारण तो प्रयोग डोक्यातून जात नाहीये आणि आमच्या ग्रुपमध्ये अजून त्यावरून दोन तट आहेत. गावाचं आणि थिएटरचं नाव घेत नाही.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. प्रेक्षकातला मोबाईल नटाला जसा दिसतो तसा मला दिसत नाही. नटाला खालून उजळलेली हनुवटी दिसते, निळसर, अंधारात तरंगणारी. मी केबिनमध्ये, सगळ्यांच्या पाठीमागे. मला सरळ स्क्रीनच दिसते. कोण रील बघतंय, कोण स्कोअर बघतंय, सगळं.

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात एक जागा आहे. मुलगा गेलेला, आई त्याचा शर्ट घडी करते. संवाद नाही, म्युझिक नाही. तेवढ्या वेळात मी लाईट चाळीस टक्क्यांवरून आठवर आणतो, दीड मिनिटात, हाताने. लाईटच्या बोर्डाच्या मेमरीत टाकून बटण दाबता येतं पण मी टाकत नाही, कारण ताई (आईचं काम करतात त्या) रोज वेगळा वेळ घेतात आणि मला त्यांच्या हाताकडे बघून उतरायचं असतं. आणि त्या जागेला मी अजूनही दोन जुने हॅलोजन स्पॉट लावतो. व्यवस्थापक दर दौऱ्याला कटकट करतात, वजन होतं, वीज खातात, एलईडी आहेत ना. पण स्वस्तातला एलईडी खाली येताना शेवटी झटके देतो आणि रंग तसाच पांढरा राहतो. हॅलोजन खाली आला की तांबूस होत जातो, दिवस मावळल्यासारखा, ते दुसऱ्या कशाने होत नाही. आठ टक्के म्हणजे जवळपास काहीच नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ताईंची बोटं दिसतात, कारण तोवर लोकांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरी स्क्रीन समोर आली की ते सगळं गेलं. म्हणून "सायलेंटवरच आहे की" हे उत्तर मला पटतच नाही, आवाज हा निम्माच भाग आहे.

त्या दिवशी पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक गृहस्थ व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्यातरी लग्नाचे फोटो बघत होते. एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून. ब्राइटनेस फुल. मी वीसपर्यंत उतरलो होतो. तेवढ्यात सर (वडिलांचं काम करतात) भूमिकेतून बाहेर आले आणि म्हणाले, "लाईट लावा."

मी वर घेतलं, थिएटरच्या माणसाने हाऊस लाईटही (प्रेक्षकांवरचे दिवे) लावले. सर शांतपणे बोलले, एकही वावगा शब्द नाही. तुमचं बघून होऊ दे, आम्ही थांबतो, एवढंच. टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांबरोबर मोबाईल वर आले. आधी एक होता, आता निम्मं थिएटर सरांचं शूटिंग करत होतं. ज्यांना त्या गृहस्थांचा राग आला होता तेच. त्या गृहस्थांनी फोन कधीच खिशात टाकला होता.

ताई मात्र पलंगावर तशाच बसून होत्या, प्रेक्षकांकडे पाठ, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी हातात. जागच्या हलल्या नाहीत. सरांनी विचारलं कुठून घ्यायचं, तर त्या वळूनही न बघता म्हणाल्या, "शर्टापासून नको, एक पान मागून घ्या."

घेतलं. पण हाऊस लाईट चार-पाच मिनिटं जळले होते, लोकांचे डोळे परत पहिल्यासारखे, आता आठवर गेलो असतो तर कुणाला काही दिसलंच नसतं. मी पंधरावर थांबलो. सीन झाला, टाळीही आली. पण तो अंधार झाला नाही.

गाडीत बसेपर्यंत क्लिप फिरायला लागली होती. खाली शाबासकी. व्यवस्थापक खूश, पुढच्या गावातून फोन आले म्हणे. मला हे अजिबात आवडलं नाही. प्रयोगातल्या मोबाईलचा विषय नवा नाही, 2019 मध्ये सुमीत राघवनने नाशिकला प्रयोग थांबवला होता, सुबोध भावेनेही फेसबुकवर उद्वेगाने लिहिलं होतं, थिएटरात जॅमर बसवायचीही चर्चा झाली. पण जॅमरने रिंग बंद होईल, स्क्रीन आणि कॅमेरा चालूच राहणार. आणि क्लिपमध्ये सरांच्या मागे ताईंची पाठ स्वच्छ दिसते, त्याबद्दल खाली कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

ताईंचं म्हणणं, थांबायला नको होतं, एक माणूस गेला तर गेला, बाकीचे माझ्याबरोबर होते. सरांचं म्हणणं, त्याच्या मागच्या चार रांगा नव्हत्या. मी केबिनमधून बघत होतो, मागच्या रांगांच्या माना खरंच त्या स्क्रीनकडे वळलेल्या होत्या. म्हणजे सर बरोबर आहेत. पण थांबल्यावर जे झालं ते बघता ताईही बरोबर वाटतात, आणि इथेच माझं अडतं.

मी निर्मात्यांकडे एकच मागितलंय. तिसऱ्या घंटेआधीच्या अनाउन्समेंटमध्ये "सायलेंट करा" काढून "बंद करा" म्हणा, आणि प्रकाशामुळे मागच्यांना दिसत नाही हे एका वाक्यात सांगा. ते म्हणतात लोक चिडतात, घरी म्हातारी माणसं असतात, लहान मुलं असतात. अहो, सव्वा तासाने मध्यंतर आहे, तेव्हा करा की फोन.

पुढच्या प्रयोगाला मेकअप करताना ताईंनी बोलावून विचारलं, "आज आठवर नेणार ना रे?" म्हटलं, हो ताई, नेणार.