रीळ बदलताना

आठवीत असताना चित्रकलेच्या सरांनी मला शाळेच्या सोळा एमएम प्रोजेक्टरजवळ उभे केले, ते केवळ मी वर्गात सर्वांत उंच होतो आणि खिडक्यांचे काळे पडदे ओढण्यास सोयीचा होतो म्हणून. यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपले की खेळ तीन-चार मिनिटे थांबे. त्या अंधारात मुले गलका करू लागली की सर बोलू लागत. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी याच गावात, म्हणजे कोल्हापुरात, स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला, हे मी प्रथम अशाच एका खोळंब्यात ऐकले.

पुढे नोकरी हिशेबाच्या टेबलावर झाली. तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. सुटीच्या दिवशी मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून रिळांचे तीन-चार डबे एस.टी.ने आणायचे, रविवारी खेळ करायचा आणि सोमवारी ते परत पाठवायचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने कोल्हापुरात असताना १९३२ मध्ये काढलेला ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापूरकरांना दाखवताना मला विशेष संकोच वाटे, कारण ज्यांच्या गावचा माल त्यांनाच तो पुण्याहून आणून दाखवायचा होता. त्याहून अवघड प्रसंग ‘सावकारी पाश’चा. १९२५ सालच्या त्या मूकपटाविषयी मी अनेकदा बोललो, पण त्याची प्रतच उरलेली नसल्याने पडदा पांढराच ठेवावा लागे.

एक चूक येथे कबूल करतो. एका मूकपटाचा तुकडा मी बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने चालवला. तो सुमारे १६ ते १८ चौकटींच्या गतीने पाहायचा असल्याने पात्रे तुरुतुरु धावू लागली आणि करुण प्रसंगाला सभागृह खदखदून हसले. प्रेक्षकांना जुने पाहता येत नाही, अशी तक्रार त्या रात्री मी सरांकडे केली. त्यांनी मला यंत्रावरील गतीची कळ दाखवली आणि दुसरे काहीही बोलले नाहीत.

आता डिजिटल प्रतीमुळे खेळ सलग चालतो. चित्र स्वच्छ दिसते, डबेही वाहावे लागत नाहीत, पण बोलण्याची ती हक्काची जागा गेली. त्यामुळे सगळे आरंभीच सांगून टाकण्याचा मोह होतो, आणि प्रस्तावना लांबली की मागच्या रांगेतले काका घड्याळ पाहू लागतात, ते योग्यच आहे.

महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात १९३६ चा ‘संत तुकाराम’ दाखवण्याचे ठरले आहे. प्रस्तावना पाच मिनिटांची राहील. शेवटची पाटी जाईपर्यंत दिवे लावू नयेत, एवढी शिपाईमामांना आगाऊ विनंती आहे.