पॅडवरचे आकडे: एका १९६९ च्या कमारोची उलटतपासणी

अमेरिकेत गाडीच्या मालकीचा जो कागद असतो, त्याला टायटल म्हणतात. त्यावर गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे आपल्याकडचा चासी नंबर, असतो, इंजिनचा नंबर नसतो. आपल्याकडे आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर शेजारी शेजारी बसलेले असतात आणि इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. इथे पन्नास वर्षांत तीनदा इंजिन बदललं तरी टायटलला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे १९६९ ची शेव्हर्ले कमारो विकणारा माणूस 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे इंजिन जन्मापासून याच गाडीचं, असं म्हणाला, तर त्याच्या बोलण्यातलं खरं-खोटं लोखंडावरूनच शोधावं लागतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीची सुरुवात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत केली, पुढे फिरत फिरत डेट्रॉईटच्या उपनगरात येऊन स्थिरावलो. इथे दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची 'ड्रीम क्रूझ' निघते. १९९५ पासून चालू आहे. फर्नडेलपासून पाँटियाकपर्यंत रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक दिवसभर व्ही-८ चे आवाज ऐकत बसतात. आपणही एक गाडी घ्यावी हे खूळ माझ्या डोक्यात तिथेच शिरलं. हवी होती १९६९ ची कमारो एसएस, म्हणजे जास्त ताकदीची सुपर स्पोर्ट, ३५० घनइंची, ३०० अश्वशक्तीची, हाताने गिअर टाकायची.

कमारोचीच झेड/२८ ही आवृत्ती माझ्या खिशाबाहेरची होती. तिचं ३०२ घनइंची इंजिन ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून मुद्दाम बनवलेलं, दुसऱ्या कुठल्या गाडीत न दिलेलं. १९६९ मध्ये झेड/२८ चा आकडा २०,३०२. अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ घनइंची इंजिनची झेडएल-१ कमारो तर फक्त ६९ निघाल्या. असल्या गाड्यांच्या नकला किती निघाल्या असतील याचा अंदाज कुणीही करावा.

पण एसएसचं दुखणं वेगळंच आहे. १९६९ च्या कमारोचा व्हिन तेरा खुणांचा. १२४३७ म्हणजे शेव्हर्ले, व्ही-८ कमारो, दोन दारांची कूपे. मग वर्षाचा ९. मग कारखान्याचं अक्षर, ओहायोतल्या नॉरवूडसाठी एन किंवा लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइजसाठी एल. आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक. गाडी व्ही-८ ची आहे एवढंच यातून कळतं. कुठलं व्ही-८, एसएस की साधी, याबद्दल व्हिन मूग गिळून बसतो. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, बॉडीचा एक पत्र्याचा टॅग असतो, पण तोही अर्धवट बोलतो. नॉरवूडच्या टॅगवर एक्स-११ असलं की जाहिरातीत लगेच 'एक्स-११ एसएस' छापून येतं. एक्स-११ चा अर्थ गाडीला बाहेरून सजावटीच्या पट्ट्या होत्या, एवढाच. ती एसएस ३५० असू शकते, तशीच साधी कमारोही असू शकते. मात्र ३०० अश्वशक्तीचं ते ३५० इंजिन कमारोत फक्त एसएसलाच मिळायचं. म्हणजे गाडीत जन्मापासूनचं इंजिन असेल तर ती एसएस असल्याचा पुरावा त्या इंजिनातच आहे. ते गेलं की गाडी एसएस होती हे सांगायला बहुतेक वेळा कुणी उरत नाही.

हे कळल्यावर माझा शोध गाडीवरून इंजिनावर आला.

शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-८ वर तीन ठिकाणी वाचण्यासारखं असतं. ब्लॉकच्या मागच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला, उठावदार आकड्यांत कास्टिंग नंबर. तिथेच दुसऱ्या बाजूला ओतकामाची तारीख: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा एकच आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, अशी ओळ एलपर्यंत जाते. आणि पुढे, पॅसेंजरच्या बाजूच्या हेडसमोर, ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी उघडी राहते. तिला पॅड म्हणतात. तिच्यावर ठोकलेलं असतं ते जुळणीचं गाव, तारीख आणि दोन अक्षरी कोड. व्ही म्हणजे फ्लिंट. झेड/२८ च्या ३०२ चा कोड डीझेड, मला हव्या असलेल्या इंजिनचा एचए. १९६८ पासून गाडीच्या व्हिनचा तुकडाही इंजिनवर ठोकायला लागले: १ म्हणजे शेव्हर्ले, ९ म्हणजे वर्ष, कारखान्याचं अक्षर आणि तोच सहा आकडी अनुक्रमांक.

ओतलेले आकडे आणि ठोकलेले आकडे यातला फरक फाउंड्रीत काम केलेल्याला समजावून सांगावा लागत नाही. ओतलेला आकडा पॅटर्नमधून येतो, लोखंडाबरोबरच जन्मतो. ठोकलेला आकडा नंतर कुणीतरी हातोड्याने किंवा प्रेसने बसवतो आणि कुणीतरी तो पुसून दुसराही बसवू शकतो.

पहिली गाडी एका डीलरकडे पाहिली. लाल, चकचकीत, आरशात बघून भांग पाडावा अशी. टॅगवर ०२सी, म्हणजे बॉडी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. पॅड आधीच स्वच्छ पुसून ठेवलेलं होतं आणि विक्रेत्याने स्वतःच टॉर्च मारून दाखवलं: व्ही०२१३एचए, शेजारी व्हिनचा तुकडा, आकडा न् आकडा जुळणारा. बॉडी तिसऱ्या आठवड्यातली, इंजिन १३ फेब्रुवारीचं. सगळं जिथल्या तिथे.

मी टॉर्च हातात घेऊन जवळजवळ आडवा धरला. सरळ उजेडात पॅडवर आकडे दिसतात, आडव्या उजेडात पृष्ठभाग दिसतो. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग ब्रोचिंगने सपाट करत, त्यामुळे मूळ पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात. या पॅडवर रेघा होत्या, पण आडव्या आणि वेड्यावाकड्या, ग्राइंडर फिरवल्यासारख्या. दुसरं, दोन्ही ओळींची अक्षरं एकाच जातीची, एकाच खोलीची. इंजिनचा कोड फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात ठोकला जायचा आणि व्हिन नॉरवूडच्या गाडी जुळणीच्या कारखान्यात. दोन गावं, दोन हत्यारं, दोन माणसं. ठसे एकाच हातचे दिसले तर तिथेच शंका घ्यावी. फ्लिंटमध्ये सगळी अक्षरं एका चौकटीत बसवून एकदम ठोकत, म्हणून ओळ सरळ येते. इथे एचमागचा ए किंचित वर उडालेला होता.

तेवढ्यावर कुणाला खोटं ठरवता येत नाही. इंजिन रिबिल्ड करताना मशीन शॉपने डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट भाग, घासला तर पॅडवरचे आकडे जातात, आणि काही मालक तेच आकडे पुन्हा ठोकून घेतात. त्याला 'रिस्टोरेशन' म्हणायची इथे पद्धत आहे. मला ती पटत नाही. गेलेला ठसा गेला, असं सांगावं आणि गाडी तशी विकावी.

मग मी आरसा मागितला. दांडीला लावलेला छोटा आरसा आणि फोनचा कॅमेरा फायरवॉल आणि ब्लॉक यांच्या फटीत घातला. कास्टिंग नंबर ३९७००१०. हा ब्लॉक शेव्हर्लेने १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ओतला, अगदी ट्रकांसाठीसुद्धा. म्हणजे वर्षाचा आकडा ९ दिसला तरी तो ब्लॉक १९६९ चा की १९७९ चा, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. इथे तो वाद घालायची गरजच पडली नाही. तारीख होती डी १४ ९. एप्रिलची चौदा तारीख. फेब्रुवारीत जोडलेलं म्हणून ठोकलेलं इंजिन एप्रिलमध्ये ओतलेलं! फोटो विक्रेत्यापुढे धरला. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला की आम्ही गाडी घेतली तेव्हा अशीच होती. असेलही. मी आभार मानून निघालो.

या सगळ्या धडपडीत मला फोर्डवाल्यांचा हेवा वाटायचा. माझ्या एका मित्राकडे १९६९ ची मस्टँग आहे. तिच्या व्हिनचं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. आर म्हणजे रॅम एअरचं ४२८ कोब्रा जेट. शिवाय फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदींवरून मार्टी रिपोर्ट नावाचा कागद पैसे भरून मिळतो. डॉजमध्येही पाचवं अक्षर बोलतं, पाँटियाकच्या बिलांच्या नोंदी मिळतात. शेव्हर्लेच्या बाबतीत कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी जनरल मोटर्स कॅनडाने जपल्या. अमेरिकेत विकलेल्यांसाठी तशी सोय नाही. सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर दडलेली बिल्ड शीट सापडली किंवा वॉरंटीच्या पुस्तकातली धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, हाती लागली तर नशीब.

मधल्या काळात आणखी काही गाड्या पाहिल्या. एकीच्या पॅडवर सीई आणि पुढे आकडे होते. वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकची ती खूण. मालकाने ते पहिल्या फोनवरच सांगितलं होतं. गाडी उत्तम होती, मला हवी तशी नव्हती. बायकोने तोपर्यंत जाहीर केलं होतं, "अहो, आपल्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही."

शेवटी जी घेतली ती फ्लिंटकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची. सत्तरच्या दशकात घेतलेली, कोठारात उभी, रंग उडालेला, तळाला गंज. त्यांचा कसलाच दावा नव्हता. "मला इंजिनमधलं काही कळत नाही, तूच बघ," म्हणाले. टॅग ०३बी, मार्चचा दुसरा आठवडा, नॉरवूड. १९६९ च्या मॉडेलात अल्टरनेटर पॅसेंजरच्या बाजूला गेला, त्यामुळे पॅड त्याच्या आणि ब्रॅकेटच्या आड. त्यांच्या परवानगीने अल्टरनेटर सोडवला. वर ग्रीस, मळ आणि शेव्हर्लेचा नारिंगी रंग यांचा सायीसारखा धरलेला थर. इथे वायर ब्रश किंवा सँडपेपर वापरायचा नाही. ब्रोचिंगच्या रेघा त्यातच जातात आणि पुढच्या माणसाला तुमचाच संशय येतो. रंग काढायचं द्रावण कापसाने लावायचं, थांबायचं, मऊ कापडाने टिपायचं आणि पुन्हा लावायचं.

व्ही०२२७एचए. रेघा पुढून मागे, अक्षरांच्या खालून सलग गेलेल्या. मागे आरशात बी १८ ९. अठरा फेब्रुवारीला ओतलं, सत्तावीसला फ्लिंटमध्ये जुळलं, मार्चमध्ये नॉरवूडला गाडीत बसलं. एकामागून एक, वेळेवर.

पण पॅडवर व्हिन नव्हता. घासून काढल्याची खूण नाही, तिथे कधी काही ठोकलंच नव्हतं. माझ्याबरोबर आलेला मित्र म्हणाला की मग इंजिन त्याच काळातलं, पण याच गाडीचं कशावरून? प्रश्न रास्त होता. या काळातला एचए ब्लॉक कुठूनही आणून बसवता येतो. तारखा जुळणारे ब्लॉक शोधून विकणारे लोक आहेत.

१९६९ च्या छोट्या व्ही-८ वर व्हिन नेहमी पॅडवरच असतो असं नाही. काही इंजिनांवर तो मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर ठोकलेला असतो. ती जागा मशीन न केलेली, खडबडीत, त्यात वर्षानुवर्षं गळलेल्या तेलाचं डांबर झालेलं. गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले आणि पाठीवर सरकत खाली गेलो. इथेही द्रावण, कापड आणि धीर. आधी एक उभी रेघ दिसली, मग ९, मग एन. खडबडीत लोखंडावर ठसा कुठे खोल, कुठे नुसता चाटून गेलेला. चौथा आकडा ३ की ८ हे ठरेना. कागद ठेवून पेन्सिल घासली. आरटीओच्या एजंटाला चासी नंबरचा प्रिंट घेताना लहानपणी बघितलं होतं, ते इथे कामी आलं. तो ८ निघाला. वर, डॅशवरच्या व्हिनमध्येही तिथे ८ होता आणि बाकीचे आकडेही तेच.

गिअरबॉक्स मात्र त्या गाडीचा निघाला नाही. जनरल मोटर्सच्या मन्सी कारखान्यातला चार गिअरचा, दिसायला योग्य, पण त्यावरचा कोड पी८ ने सुरू होणारा आणि व्हिनचा तुकडा १८एन चा. म्हणजे तो १९६८ च्या दुसऱ्या कुठल्यातरी नॉरवूडच्या गाडीतून आला होता. म्हाताऱ्या गृहस्थांना आठवलं की ऐंशीच्या दशकात एकदा गिअर तुटला होता आणि ओळखीच्याने जंकयार्डातून आणून दिला होता. मी हे सगळं त्यांना फोटोंसकट समजावून सांगितलं, इंजिन मूळचं आहे आणि त्यामुळे गाडीची किंमत वाढते हेसुद्धा. बायकोच्या मते हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी भाव थोडा वाढवला, गिअरबॉक्सपायी मी थोडा उतरवला, आणि व्यवहार झाला.

इंजिन आता मशीन शॉपमध्ये आहे. ब्लॉक देण्याआधी दोन्ही ठशांचे आणि ओतलेल्या तारखेचे फोटो पट्टी ठेवून काढले, पेन्सिलचा प्रिंट फाइलला लावला. पॅडवर जाड टेप चिकटवून वर मार्करने लिहिलं की इथे हत्यार लावू नये. डेक घासावा लागलाच तर पॅड सोडून घासायचा, हेही ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतलं आणि त्याखाली शॉपच्या माणसाची सही घेतली.