तुम्ही विचारलंत म्हणून: जपानच्या खेड्यात, देवळाच्या कामाला

वसईला गेले की चर्चमध्ये मिस्सानंतर कोणीतरी गाठतंच. "तिकडे खेड्यात आपलं माणूस एकही नाही. देवळाच्या कामाला बोलावतात तेव्हा काय करतेस? जातेस?"

जाते. देऊळ शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं. गवत कापते, पायऱ्या झाडते. देवापुढे टाळ्या वाजवून नमस्कार मात्र करत नाही. हे जरा नीट सांगायला हवं, कारण विचारणाऱ्याला वाटत असतं, की एक तर मी श्रद्धा गुंडाळून ठेवली असेल, नाहीतर गावाने मला वाळीत टाकलं असेल.

मी राहते ते गाव शिमाने प्रांतात, त्सुवानोजवळच्या डोंगरात. भातशेती, बरीच बंद घरं, आणि राहिलेले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. गावमंडळाची सूचनांची फळी घरोघरी फिरते. कचऱ्याचे वार, रानडुकरांसाठी घातलेल्या कुंपणाची दुरुस्ती, पाटाची सफाई आणि देवळाची सफाई, सगळं तिच्यावरच. एक घर आलं नाही तर त्याच्या वाटणीचा उतार शेजारच्या आजोबांना कापावा लागतो. त्यांना उतारावर सोडून मी घरी रोझरी म्हणत बसले, तर ती प्रार्थना मला तरी खरी वाटणार नाही.

काम रविवारी भल्या सकाळी असतं. पुरुष खांद्याला पेट्रोलचं यंत्र अडकवून उतारावर चढतात. दगडी दिव्यांभोवती पातं दगडाला लागतं, म्हणून तिथे दातेरी विळाच लागतो. ते काम माझ्याकडे असतं. बसून, एका हाताने गवत मुठीत धरून बुडाशी कापायचं. पावसाळ्यात विळ्याला चिखल लागतो, तो पुसत राहायचा. काम संपलं की चहाच्या बाटल्या वाटतात आणि सगळे देवळासमोर उभे राहतात: दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. मी टोपी काढून बाजूला उभी राहते. मी ख्रिस्ती आहे हे सुरुवातीलाच गावप्रमुखांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि विळा दिला. त्यानंतर आजतागायत कोणी विषय काढलेला नाही.

पैशांचं अवघड असतं. मंडळाच्या वर्गणीत देवळाचा हिस्सा मिसळलेला असतो. तो मी वेगळा करून मागते. पायऱ्यांच्या डागडुजीला देते, पूजेला देत नाही. वर्गणीतून देवळाचे पैसे सक्तीने घेता येत नाहीत, असा निकाल सागा जिल्हा न्यायालयाने २००२ साली दिला आहे. तो दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही.

गावात कोणी गेलं की बौद्ध पद्धतीच्या अंत्यविधीला मी जाते आणि चिमूटभर धूप निखाऱ्यावर घालते. त्याला जपानच्या कॅथलिक बिशपांची हरकत नाही. १९८५च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत तसं म्हटलं आहे. धूप घालताना मनात प्रार्थना येते ती मराठीतूनच.

पण ती चिमूट मला हलकी कधीच वाटली नाही, आणि त्याचं कारण त्सुवानोतच आहे. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, तेव्हा नागासाकीजवळच्या उराकामीचे शेतकरी अडीचशे वर्षं लपून ख्रिस्ती राहिले होते. १८६७ साली त्यांनी आपल्या मृतांचे विधी बौद्ध भिक्षूंकडून करून घ्यायचं नाकारलं आणि त्यातून धरपकड सुरू झाली. तीन हजारांहून अधिक लोकांना देशभर हद्दपार केलं. त्यातले १५३ त्सुवानोला आले. ओतोमे-तोगे नावाच्या खिंडीत, ओस पडलेल्या एका बौद्ध मठात त्यांना कोंडलं. गोठलेल्या तळ्यात उतरवलं, तीन फुटी पिंजऱ्यात बर्फात ठेवलं. तीसहून अधिक जण तिथेच गेले. १८७३ साली बंदी उठली आणि उरलेले घरी परतले. जे त्यांच्याकडून छळ करून वसूल करायचं होतं, ते आज माझ्याकडे कोणी मागतही नाही. मी देते ते शेजारीण म्हणून, आणि जिथे थांबायचं तिथे थांबते. हे स्वातंत्र्य त्या लोकांनी मिळवून ठेवलं आहे, असं मी मानते.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया याच देशात, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेले. शेजारच्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशावर वसई कुठे ते दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून! त्यांची आई होती का हो मागे?" मला वसईत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

एकटं वाटतं ते गाण्यांपायी. नाताळचा दिवस इथे कामाचा दिवस असतो, आणि त्सुवानोच्या चर्चमध्ये आम्ही मोजकेच असतो. त्या चर्चमध्ये बाकं नाहीत, तातामीच्या चटया आहेत. चपला बाहेर काढून मांडी घालून बसायचं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ते फार आवडेल.

यायचं असेल तर ३ मे धरून या. त्या दिवशी चर्चपासून ओतोमे-तोगेपर्यंत मिरवणूक निघते आणि खिंडीत उघड्यावर मिस्सा होतो. शिन-यामागुचीपर्यंत शिंकान्सेन (बुलेट ट्रेन), पुढे त्सुवानोपर्यंत यामागुची मार्गाची गाडी. चढण थोडी आहे, बूट चांगले घाला. मुक्कामाला माझं घर आहे.